चिंचेच्या विहिरीतलं पोर

मंगळवार, १२ मार्च २०१९

सकाळी दुधाचं माप चालू असताना पुण्याच्या रेवतीबाईंचा फोन आला आणि मी कॅनवरच बसकण मारली. गेल्या साली एका दिवाळी अंकात माझी भुताची गोष्ट आली होती, ती त्यांनी वाचली म्हणे. बाईंचं छोटंसं प्रकाशन आहे. ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन असतो, त्याच्या मुहूर्तावर त्यांना भीतीच्या गोष्टींचा संग्रह काढायचा आहे. जुन्या राजवाड्यातली भुतं नकोत. लोक पारावर, चहाच्या टपरीवर 'माझ्या मेव्हण्यानं डोळ्यांनी बघितलं' म्हणून सांगतात, तसल्या हव्यात. तुमच्या बीडकडच्या गोळा करा, जूनपर्यंत द्या, म्हणाल्या.

मी हो म्हणून मोकळा झालो. हॅलोविन म्हणजे काय, ते मग मोबाइलवर बघितलं. तिकडं पोरं भुताचे कपडे घालून दारोदार खाऊ मागत हिंडतात आणि भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. इथं यंदा भाजीला भोपळा मिळेना, कोरायला कुठला आणू?

पण गोष्टी लई आहेत. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेतून उठून येणारा माणूस, ज्याची पांढरी पावलं सकाळी ओट्यावर उमटलेली असतात. ऊसतोडीच्या टोळीतला जादा कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमानं टोळी मोजली की एक जोडी जास्त भरते आणि जेवायला बसताना नसते. घाटात हात दाखवून गाडी थांबवणारी बाई. भर दुपारी गावात येणारा, ड्रायव्हर नसलेला टँकर. आणि पहिला मान आमच्याच गावच्या चिंचेच्या विहिरीतल्या बाळंतिणीचा.

सत्तेचाळीस वर्षांचा झालो. दूध संस्थेचा सचिव म्हणून फॅट मोजता मोजता केस पिकले. पुस्तकावर 'शहादेव' असं छापलेलं एकदा बघायचं आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथंच लिहितो.

गुरुवार, १४ मार्च

आईला सांगितलं. उगाच सांगितलं.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. आज्यानं देव्हारा, ताईत, गंडे सगळे एका गाठोड्यात बांधून नदीत सोडले, ही हकिकत आईनं मला दुधाबरोबर पाजली आहे. लिहिता-वाचता येत नाही, पण बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. भाकरी थापता थापता तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि तवा आदळला.

"आज्यानं नदीत सोडलेली भुतं तू परत वर काढायलास व्हय? कावून?"

मी म्हटलं, आई, नुसती करमणूक आहे. ती म्हणाली, करमणूकच करायची तर गाढवाला गोंडे बांध. मग दिवसभर अबोला. माझी बायको भामा मध्ये पडली नाही. ती कधीच पडत नाही, शहाणी आहे.

मी तरी कुठं भूत मानतो? पण चांगली गोष्ट लिहिताना अंगावर काटा येतो, त्याला मी काय करू?

शनिवार, २३ मार्च

संस्थेची बैठक झाली. चेअरमन भगवानरावांनी पत्र वाचून दाखवलं. तालुक्याच्या दूध संघानं कळवलं आहे की दूध असंच घटत गेलं तर जूनपासून आपल्या गावात गाडी फिरणार नाही. गाडी नाही म्हणजे संस्था नाही, आणि संस्था गेली की निम्म्या गावाची चूल कशावर पेटणार? टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नाही, गाई काय पिणार? लोक एक एक जनावर बाजाराला नेत आहेत.

सुग्रीव आमचा विहीर खोदणारा गडी, पैलवान अंगाचा. तो म्हणाला, चिंचेच्या विहिरीतला गाळ काढू. बोअर आटले तरी त्या विहिरीच्या बुडाशी ओल असणार. गेली कित्येक वर्षं तिच्यात कुणी उतरत नाही, निम्मी गाळानं भरली आहे. भगवानरावांनी आधी नाक मुरडलं. ते नारायणगडाला नेमानं जाणारे, आणि त्यांच्या घरातून दर अमावास्येला त्या विहिरीवर नारळ जातो. पण शेवटी हो म्हणाले. पाडवा झाला की सोमवारी काम सुरू.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आज बोलली. म्हणाली, चांगलं करायलेत, त्या विहिरीचं पाणी लई गोड हाय. मला नवल वाटलं. आमच्या वस्तीला त्या विहिरीचं पाणी कधी मिळालंच नव्हतं, मग गोड की खारट हे हिला काय ठाऊक? कुणाकडून ऐकलं असेल.

रविवार, ३१ मार्च

बाळंतिणीची गोष्ट पुरी झाली. स्वतःचीच पाठ थोपटावी अशी झाली आहे. दुष्काळाच्या साली बाळंत होऊन मेलेली बाई दिवेलागणीला विहिरीत उतरते, कडेवरचं पोर रडतं, त्याच्या पायातले घुंगराचे वाळे वाजतात, आणि वाकून बघणारा तापानं फणफणतो. गावात सगळे असंच सांगतात. मी फक्त तिचे केस मोकळे सोडले आणि पाय उलटे केले.

दुपारी भामाला वाचून दाखवत होतो. आई पलीकडं तूर निवडत होती, ऐकत नसल्यासारखी. मी पोर रडल्याचं वाचलं तेव्हा तिचे हात थांबले.

"दोन्ही पायांत वाळे लिव्हलेस का?"

म्हटलं, हो.

"एकाच पायात होता. दुसरा पडला होता. अन् केस मोकळे कशाला सोडशील? दोन्ही हातांनी पाणी काढणारीनं केस बांधलेले असत्यात."

मी म्हटलं, आई, तुझा तर भुतावर विश्वास नाही. ती म्हणाली, न्हाईच, पण खोटं लिव्हायचं तरी नीट लिव्हावं माणसानं. मग तोंड फिरवून परत तूर निवडायला लागली. मला मनातल्या मनात हसू आलं. वरून कितीही प्रतिज्ञा म्हणो, आतून म्हातारी घाबरतेच. पण एकाच पायात वाळा, हे मात्र झकास आहे. तेवढं घेतलं, केस मोकळेच ठेवले.

शनिवार, ६ एप्रिल, पाडवा

राहवलं नाही. गोष्ट गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. तासाभरात अंगठ्यांचा पाऊस. मुंबईला गेलेल्या पोरांनीसुद्धा 'काका, झोप उडवली' म्हणून लिहिलं. सुग्रीवनं नुसतं 'बाप रे' लिहिलं. त्या पैलवानाकडून 'बाप रे' म्हणजे मला पुरस्कारच मिळाला. रेवतीबाईंनाही पाठवली. छातीवर सदरा तटतटतो आहे.

सोमवार, ८ एप्रिल

विहिरीवर सकाळी मी, भगवानराव आणि गाळ वर ओढायची यारी, एवढेच होतो. पोरं आली नाहीत. सुग्रीव उशिरा आला आणि काठावर उभा राहून चपलेनं माती उकरायला लागला. एवढा पैलवान, पण पाचावर धारण बसली होती. म्हणाला, शहादेवभाऊ, आधी नुसतं ऐकलं होतं, तुमी वाचायला दिलंत तवा डोळ्यांपुढं उभी राहिली. घरून आईनं शपथ घातली आहे.

भगवानराव माझ्याकडं बघून एकच बोलले. "लेखक झालात, चांगलं झालं."

तोंडात मारल्यासारखं झालं. आजवर माझ्या लिहिण्यानं झाडाचं पानही हललं नव्हतं, आणि हललं ते हे असं. घरी येऊन ग्रुपवर 'ही काल्पनिक कथा आहे' असं लिहिलं. खाली आमच्या संस्थेतल्या त्रिंबकनं लिहिलं, मग आमच्या आज्याला आवाज आलता तो काय काल्पनिक होता का बे?

रविवार, १४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, पण पाण्यावाचून जेवणावळ रद्द. आईनं चौकात पोरांना प्रतिज्ञा म्हणून दाखवल्या. भूत मानणार नाही असं पोरं ओरडून म्हणाली. विहिरीत मात्र त्यातलंही कुणी उतरायला तयार नाही. मीच उतरलो असतो, पण काठावर गेलं की माझ्याच गोष्टीतले उलटे पाय दिसतात. हे लिहिताना लाज वाटते.

सोमवार, २२ एप्रिल

गल्लीतल्या बद्रीनाथनं दोन्ही गाई टेंपोत चढवल्या. त्याची बायको गाईच्या पाठीवर हात ठेवून टेंपोमागं वेशीपर्यंत चालत गेली. दुधाचं संकलन निम्म्यावर आलं आहे.

आई ओट्यावरून सगळं बघत होती. टेंपो गेल्यावर तिनं विचारलं, लोक विहिरीत उतरंनात, ते तुझ्या गोष्टीमुळंच ना? मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, बैठक कधी हाय?

म्हटलं, दोन तारखेला.

"मला यायचंय. गाय माझ्या नावावर हाय, मी बी सभासद हाय."

झालं. आता सगळ्यांदेखत माझी कानउघाडणी होणार. होऊ दे. माझ्या वाट्याला तेच यायला हवं.

गुरुवार, २ मे

बैठकीहून आत्ताच आलो. जमेल तसं लिहितो.

भगवानरावांनी सगळ्यांना विचारलं, कुणाला काही सुचतं का? आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, चिंचेच्या विहिरीत बाळंतीण न्हाई. कधीच न्हवती. ती मी होते.

मग तिनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात गावात पाणी होतं ते त्या एका विहिरीला. आमच्या बायांना पायऱ्या उतरायची बंदी. वर उन्हात घागर घेऊन उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर त्यानं लांबून ओतायचं. त्या साली सगळ्यांचीच दया आटली. ओली बाळंतीण, अंगावर दूध नाही, पोर कोरड्या तोंडानं नुसतं चोखतं. एके दिवशी दिवेलागणीला सगळे घरी गेल्यावर ती एकटीच उतरली. पोर पोटाशी बांधलेलं. उतरताना त्याच्या पायातला एक वाळा पाण्यात पडला. खाली गारव्याला पोर रडलं, दुसऱ्या पायातला वाळा वाजला, आणि विहिरीनं तो आवाज दुप्पट करून वर पाठवला. वर भगवानरावांचे वडील बैलांना पाणी पाजायला आले होते. ते घागर टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, विहिरीत बाळंतीण आहे. दिवेलागणीला कुणी तिकडं फिरकेना. वस्तीतल्या बायांनी आपसांत ठरवलं, असू द्या. मग रोज संध्याकाळी आई पुढं उतरायची आणि बाकीच्या मागून. पाऊस येईपर्यंत सगळी वस्ती त्या पाण्यावर जगली.

"अन् पोरगं रोज कसं रडायचं?" मागून कुणी तरी विचारलं.

"चिमटा काढायची मी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बहात्तर साली आईच्या पोटाशी बांधलेलं पोर दुसरं कुठलं असणार? मी तीन आठवडे खपून ज्या पोराला भूत केलं, ते मीच होतो.

भगवानराव उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "आमचे वडील तापानं फणफणले होते, केशरबाई. मेले असते."

आई म्हणाली, "माझं पोरगं बी मेलं असतं, भगवानराव. पाण्यावाचून."

त्रिंबक पुटपुटला की म्हातारी विहीर उपसायला मिळावी म्हणून रचून सांगते आहे. आईनं ते ऐकलं. परवा अमावास्या हाय, शनिवार बी हाय, म्हणाली. दिवेलागणीला मी उतरते, ज्याला बघायचं त्यानं यावं.

घरी येताना मी विचारलं, एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पाणीचोर म्हणून बघितलं असतं लोकांनी तुझ्याकडं. शाळेत जायचास तू. मी भर रस्त्यात रडलो. तिनं रडू दिलं.

शनिवार, ४ मे, अमावास्या

सगळं गाव विहिरीच्या काठावर. पोरं चिंचेवर चढलेली. आईचे गुडघे धड नाहीत, मी बरोबर येतो म्हटलं तर हात झटकला. भिंतीला धरून एक एक पायरी उतरत गेली. खालच्या एका पायरीवर पाय टाकायच्या आधी थांबली, ती ओलांडली आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला. मग कळलं, ती पायरी डगडगते आहे. आमच्यापैकी कुणाला ते माहीत नव्हतं.

तळाला गाळाच्या कडेला बसली आणि वर बघून म्हणाली, "या की खाली. कोण न्हाई हितं."

सुग्रीव पहिला उतरला, मग मी. आणि मग भगवानराव. काठावर चपला काढून निघाले आणि नेमके त्या हलत्या पायरीपाशी अडखळले. आई उठली, वर हात केला.

"हलतीय ती. धरा."

ते तिच्या हाताकडं बघत राहिले. मला वाटलं, आता मागं वळतात. मग त्यांनी हात धरला आणि खाली आले. गाळात बोट खुपसून बघितलं, बोट ओलं झालं होतं, ते सुग्रीवला दाखवलं.

शुक्रवार, १० मे

रोज पहाटेपासून यारी चालू आहे. गावातली आणि वस्तीतली, दोन्हीकडची पोरं उतरतात. सगळी नाही. काही घरं अजून येत नाहीत आणि ती भुतामुळं येत नाहीत असं मला वाटत नाही. भगवानरावांच्या सत्यभामावहिनी अजूनही काठावर नारळ ठेवून जातात. पोरं दुपारी तो फोडून खातात, वहिनींना ते माहीत आहे, म्हणून आता दोन ठेवतात.

रेवतीबाईंचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, गोष्ट बदलतो. त्यांचं म्हणणं, शेवटी भूत खोटंच निघालं तर भीती कुठं राहिली? पुस्तक गेलं असं वाटलं. तरी बोललो. म्हटलं, बाई, एक बाई तान्हं पोर घेऊन भरल्या विहिरीच्या काठावर उन्हात उभी आहे आणि कुणी पाणी घालत नाही, याची भीती वाटत नाही का? तेव्हा त्या म्हणाल्या, सगळ्याच गोष्टी अशा करता येतील का बघा. पहिल्यांदा कुणी सांगितली आणि कशासाठी, ते शोधा.

आता राखेतल्या माणसासाठी परळीला जाऊन बसावं लागणार. जादा कोयत्याचं ऊसतोडीच्या बायांना विचारावं लागणार. विनाड्रायव्हरचा टँकर कुणी उठवला असेल याचा मला आत्ताच संशय आहे. जूनपर्यंत होत नाही म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ऑगस्ट चालेल.

सोमवार, १३ मे

दगड ओला लागला. सुग्रीव गाळात बसून वेड्यासारखा हसत होता.

शनिवार, १८ मे, बुद्ध पौर्णिमा

परवा पाणी लागलं. फार नाही, पण झिरपतं आहे, उपसलं की पुन्हा भरतं. गाईंपुरतं आहे. सांगणारे सांगतात की जूनपर्यंत टिकेल. बद्रीनाथ बाजारात गाय बघायला गेला आहे. संघाच्या माणसानं येऊन बघितलं, गाडी चालू ठेवतो म्हणाला.

आज खीर केली. संस्थेच्या दुधाची, आणि भांडी त्या विहिरीच्या पाण्यानं विसळली. विहिरीच्या काठावरच वाटली. भगवानराव आले, आईच्या हातून वाटी घेतली आणि उभ्यानंच संपवली. दुसरी मागितली नाही, पण थांबले बराच वेळ.

मी एवढे दिवस गाळाची प्रत्येक ट्रॉली चाळून बघत होतो. आईच्या पेटीत माझा एक वाळा अजून आहे, दुसरा या विहिरीत पडला, तो सापडेल असं वाटत होतं. सापडला नाही. आईला तसं सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या बाळंतिणीचं बी काही असावं की. लई उपकार हायत तिचे आपल्यावर."

मग मी तिला सांगितलं की संग्रहातली पहिली गोष्ट तिची, नाव घालून. फक्त एक जमत नाही, पोराचं रडणं. कसं लिहू? खरं खरं रडत होतं की घाबरून, की भुकेनं?

आईनं खिरीची वाटी खाली ठेवली. माझा दंड धरला आणि सगळ्या गावादेखत, या सत्तेचाळीस वर्षांच्या सचिवाला, कचकन चिमटा काढला. मी ओरडलो. विहिरीनं तो आवाज घेतला आणि दुप्पट करून वर पाठवला. चिंचेखालची पोरं दचकली.

आई म्हणाली, "हां. असाच रडायचास. आता लिव्ह."